बारा कागदांवरचा चित्ता

आमच्या शाळेच्या मस्टरवर एक सही कायम उलटी असायची. उलटी म्हणजे खाली डोकं वर पाय अशी नव्हे. आरशात दिसावी तशी, उजवीकडून डावीकडे. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, पर्समधला छोटा आरसा काढून ती सही तपासायच्या आणि ड्रॉइंग सरांना केबिनमध्ये बोलावून घ्यायच्या. सर जायचे, "चुकलं बाई" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच सही ठोकायचे. त्यांचाही इलाज नव्हता. ठशावर जे उलटं कोरावं ते कागदावर सुलटं उमटतं, आणि जागेपणीचा सगळा वेळ ठसे कोरण्यात घालवल्यामुळे त्यांचा हात सुलटं लिहायचं विसरून गेला होता. फळ्यावर ते तारीख घालायला लागले की मुलं एका सुरात ओरडायची, "सर, उलटं!" मग सर डस्टर उचलायचे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मुलुंडला डोंगराच्या अंगाला आमची मराठी शाळा होती आणि मी तिथे भूगोल शिकवायचे. सर कुणालाच नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. विज्ञानाचे सर ते 'सायन्स', कवायतीचे सर ते 'पीटी' आणि मी 'भूगोल'. "भूगोल, चहा घेणार?" मला आधी फार राग यायचा. पण एकदा भाजी घेताना मागून "ओ भूगोल" अशी हाक आली आणि मी चटकन वळून "काय हो?" म्हटलं, तेव्हा आपलं आता काही खरं नाही हे मला कळलं.

दिसायला सर अगदी साधे. बुटके, दणकट, पायजम्यासारखी ढगळ पँट आणि डाव्या अंगठ्याला बारा महिने चिंधी. कोरायची पटाशी निसटली की ती नेमकी त्याच अंगठ्यात जायची. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची ठरलेली आणि त्या खुर्चीवर कायम काहीतरी पसरलेलं. ते होतं लिनोलियम. मोडीत निघालेल्या बोटींच्या जमिनीवरचं लिनोलियम ते दारूखान्याला, म्हणजे जुन्या बोटी मोडतात त्या धक्क्यावर, जाऊन निवडून आणायचे. ते जुनं, कडक झालेलं. ऊब मिळाली की मऊ होतं आणि लोण्यासारखं कापलं जातं. म्हणून सर ऑफ पिरियडला त्यावर बसून राहायचे. कुणी उठायला सांगितलं तर म्हणायचे, "थांब रे, अजून कच्चं आहे." पीटी सर त्याला अंडी उबवणं म्हणायचे.

आणि या अंड्यांतून दरवेळी एकच प्राणी बाहेर यायचा. चित्ता.

दुसरं काही ते कोरतच नसत. स्नेहसंमेलनाच्या कार्डासाठी मोठ्या बाईंनी सरस्वती मागितली, तर सरस्वतीच्या मागच्या झुडपात दोन डोळे निघाले. शाळेतल्या कुणीही चित्ता कधी पाहिलेला नव्हता. पाहणार कुठून? आपल्या देशातला चित्ता आमच्या जन्माच्या आगेमागेच संपला. सरांनीही पाहिला नव्हता. पाहिला होता तो त्यांच्या वडिलांनी.

सरांचे वडील, आबा, सोलापूरकडच्या माळावरचे. लहानपणी लोकांची शेरडं राखायचे. पुढे मुंबईत आले, गोदीत ओझी वाहिली, बाबासाहेबांची भाषणं उन्हात उभं राहून ऐकली, मुलाला चित्रकलेच्या परीक्षेला बसवलं. शेरडं राखायच्या त्या वयात एका दुपारी त्यांनी चित्ता पाहिला होता. सायन्स सर म्हणायचे, "अरे बिबट्या असणार. तोवर तिकडचे चित्ते संपले होते. पुस्तकात आहे." त्यावर ड्रॉइंग सर उसळायचे. "तुझं पुस्तक शेरडं राखायला गेलं होतं काय?"

या विषयावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा. एकदा आमच्या डोंगराकडच्या एका सोसायटीत बिबट्या येऊन कुत्रं घेऊन गेला. सकाळी गेटपाशी ही गर्दी, "चित्ता आला होता, चित्ता!" सर शाळेत यायला निघाले होते, ते गर्दीत घुसले. "कुणी पाहिला? डोळ्याखालून तोंडापर्यंत काळी रेघ होती? ठिपके भरीव होते का फुलासारखे?" एक बाई घाबरून म्हणाल्या, "अहो, पाहिला तो पळताना, ठिपके कुठे मोजू?" सरांनी खिशातून कोळसा काढला आणि सोसायटीच्या नव्या रंगवलेल्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन हातभर प्राणी काढले, एक बिबट्या, एक चित्ता. दोघांतले फरक समजावून दिले. सेक्रेटरी आले तेव्हा पंचनाम्याला आलेला हवालदारसुद्धा वहीत उतरवून घेत होता. पुढचा रविवार सरांनी ती भिंत घासण्यात घालवला. मी डबा घेऊन गेले, तर म्हणाले, "भूगोल, बिबट्या पुसला. चित्ता पुसायला हात होत नाही. तो तुम्ही पुसा." मी पुसला.

छापायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. घरातला आमटीचा डाव घेऊन त्याच्या पाठीने कागद घासायचा, ही त्यांची पद्धत. सरांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, डाव त्यामुळे कधीच जागेवर नसायचा. मग एका उन्हाळ्यात त्यांना वाटलं की रसाचा चरक म्हणजे छापायचं यंत्रच आहे, दोन रूळ, मध्ये फट, आणखी काय हवं? स्टेशनबाहेरच्या रसवाल्याला त्यांनी पटवलं. शाई लावलेला ठसा, वर कागद, वर पोतं, आणि घुंगरं वाजवत चित्ता चरकातून गेला. चरकाच्या रुळांना खाचा असतात हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. कागदावर अंगभर पट्टे उमटले. शिवाय रसाने भिजलेला तो कागद वाळत घातला, तर दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी शेपटीपासून नाकापर्यंत रांग धरली.

"झकास," सायन्स सर म्हणाले. "चित्ता घातला, वाघ निघाला."

ड्रॉइंग सर हसले, पण मग मला म्हणाले, "आमच्या माळावर कालवा आला आणि सगळा ऊस झाला. माळ गेला चरकात. आता चित्त्यालाही मीच घातला."

माळाचं मला फारसं काही कळत नव्हतं. आमचं गाव कोकणातलं, त्यामुळे गवत म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हिरवंगारच यायचं. वर्गात मी माळाला 'पडीक जमीन' म्हणायचे, कारण पुस्तकात तसं छापलेलं होतं. सर एकदा दारातून ऐकत होते. तास संपल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"पडीक? भूगोल, ते भरलेलं घर होतं. काळवीट, ससे, माळढोक, लांडगा, आणि त्यांच्या मागे हा. गवत कोणत्या महिन्यात पिवळं पडतं सांगा. सकाळचं पिवळं आणि तिसऱ्या प्रहरचं पिवळं यात काय फरक असतो? तुमच्या विषयात आहे की नाही हे?"

नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत ते गावी गेले आणि उरल्यासुरल्या माळावरचं गवत पोतंभर घेऊन आले. कुसळी, पवन्या, आणखी काय काय. पोतं स्टाफरूममध्ये उघडलं. कुसळं उडाली ती सगळ्या बायकांच्या साड्यांना चिकटली, मोठ्या बाईंच्या इंदुरीलासुद्धा. आठवडाभर आम्ही एकमेकींच्या निऱ्यांतून कुसळं वेचत होतो. पण त्या आठवड्यात मी पिवळे, तपकिरी, तांबूस असे किती रंग पाहिले, आणि मला माझ्या पुस्तकाची पहिल्यांदा लाज वाटली.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते मला उशिरा कळलं. घाटकोपरच्या डोंगरावर सरांच्या दोन खोल्या होत्या. तिथे मी पहिल्यांदा गेले तेव्हा आतल्या खोलीत दोऱ्यांवर धुण्याऐवजी चित्ते वाळत होते आणि आबांचं धोतर खिडकीबाहेर होतं. "आमच्याकडे चित्त्याला जागा आहे, पाहुण्याला नाही," वहिनी म्हणाल्या आणि ट्रंकेवर जागा करून दिली. आबा खिडकीशी बसले होते. उंच, वाळलेले, पांढरी बंडी. सरांनी ताजा छाप त्यांच्या हातात दिला आणि स्वतः शाळेतल्या पोरासारखे समोर उभे राहिले. आबांनी कागद डोळ्यांपासून चार बोटांवर धरला, तिरका केला, फिरवला.

"ह्यो न्हवं," ते म्हणाले.

"का न्हवं आबा? पाय बगा की."

"पाय बरं हायेत. पर ह्यो उभा का ऱ्हायलाय? फोटू काढायला?"

वहिनी पदरात हसल्या. आधीच्या एका छापाला आबांनी कुत्रा म्हटलं होतं आणि एकाला 'पाटलाचं वासरू'.

चहा पिताना सरांनी मला सांगितलं. आबांना काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाले होते की गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेली पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकली तर नशीब. "मी काढलेला चित्ता खरा का खोटा, हे सांगणारा एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे," सर म्हणाले. "त्याचे डोळे आहेत तोवर एकदा त्याने 'हाच' म्हणायला पाहिजे. प्रदर्शनं-बिदर्शनं गेली खड्ड्यात." एरवी सगळ्या जगाला टपल्या मारणारा हा माणूस हे बोलताना कपातच बघत होता. मला त्या दिवसापासून त्यांचा राग येणं बंद झालं.

मग त्यांनी शेवटचा, मोठा ठसा घ्यायचं ठरवलं. तीन रंगांचा, पण एकाच लिनोवर. ही रीत अशी की आधी सगळ्यात फिका रंग छापायचा. मग जे फिकं राहायला हवं ते लिनोवरून कापून टाकायचं आणि उरलेल्यावर दुसरा रंग लावून त्याच कागदांवर छापायचं. मग आणखी कापायचं, आणि शेवटी काळा. प्रत्येक रंगाला लिनो कमी कमी होत जातं. चित्र पुरं होतं तेव्हा ठसा संपलेला असतो. पहिल्या दिवशी जितके कागद घेतले तितकीच चित्रं. बारा घेतले तर तेरावं हवं झालं तरी मिळत नाही.

"हा काय आडमुठेपणा?" मी विचारलं. "तीन वेगळे ठसे करा की."

"जो परत येणार नाही, त्याचं चित्र परत छापता येऊ नये," सर म्हणाले आणि बारा कागद मोजून घेतले.

पहिला रंग वाळल्या गवताचा. तो छान बसला. दुसरा गडद, मातकट पिवळा, तिसऱ्या प्रहरचा. त्यात गवताची पाती फिकी निघाली आणि मधोमध, झेप घेताना, चित्त्याचं सपाट अंग. अजून त्याला ना ठिपके होते ना डोळा. ते सगळं काळ्या रंगात येणार होतं. आणि नेमकी तेव्हा पटाशी निसटली. या वेळी डाव्या अंगठ्यात नाही, मूठ फुटून उजव्याच तळहातात, खोल. टाके पडले आणि हात गळ्यात आला. तिकडे आबांना खिडकीबाहेरचं झाड दिसेनासं झालं होतं.

"मी कापते," मी म्हटलं. "तुम्ही सांगा काय ठेवायचं, काय काढायचं."

शनिवारी शाळा दुपारी सुटली. चित्रकलेच्या वर्गात आम्ही लिनो टेबलावर घेतलं. सरांनी डाव्या हाताने पेन्सिलीने एकेक ठिपका आखून दिला. डोळ्याखालची रेघ आखून दिली. स्वच्छ शब्दांत सांगितलं, "भूगोल, हे आखलेलं राहिलं पाहिजे. आजूबाजूचं काढा. राहील त्यालाच शाई लागणार." मी मान हलवली, मला समजलंही होतं. तेवढ्यात मोठ्या बाईंनी त्यांना खाली बोलावलं, नेहमीच्या कामासाठी.

मी पटाशी घेतली. आता काय सांगू? उभ्या आयुष्यात नकाशात जिथे खूण असेल तिथेच माझं बोट गेलेलं. हात आपोआप पहिल्या ठिपक्यावर गेला आणि तो मी अलगद उकरून काढला. काय सुरेख निघाला! मग दुसरा. मला त्यात गोडी लागली. तासाभरात मी त्या चित्त्याचे एकूण एक ठिपके खरवडून काढले आणि शेवटी, जीभ दातांत धरून, डोळ्याखालची रेघही.

सर आले, टेबलावर वाकले. किती वेळ तसेच राहिले. मला वाटलं, माझ्या सफाईवर खूश झाले.

"वाट लागली," ते म्हणाले.

मग माझ्या लक्षात आलं. कापलेलं लिनो परत लागत नाही. दोन रंग छापलेले बारा कागद भिंतीशी उभे होते आणि त्यांतल्या कुणालाच आता ठिपके मिळणार नव्हते. मी रडायला लागले, अगदी हुंदके देऊन, सहावीतल्या मुलीसारखी. सर बाकावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"भूगोल," ते म्हणाले, "सायन्सला सांगायला पाहिजे. देशातला शेवटचा चित्ता कुणी मारला याचा शोध लागला." आणि रडवेल्या तोंडाने हसले. पुढे हे वाक्य त्यांनी स्टाफरूममध्ये इतक्या वेळा वापरलं की नव्या शिक्षकांना ते खरंच वाटायचं.

त्या दुपारी मात्र ते हसणं लगेच थांबलं. आता काळा लावला तर सगळं अंग काळं आणि त्यावर पिवळे ठिपके, असं भलतंच जनावर निघालं असतं. "सगळाच काढून टाका," सर म्हणाले. "गवताच्या काड्या आणि मागची टेकडी तेवढी ठेवा. कागद तरी पुरे करू." मी डोळे पुसत चित्ता लिनोवरून संपूर्ण उतरवला. मग काळी शाई लावली आणि मी डावाच्या पाठीने एकेक कागद घासला. बाराही निघाले. टेकडीची रेघ आली, गवतात काळ्या काड्या उभ्या राहिल्या. आणि जिथे चित्ता होता तिथे काड्या नव्हत्या, नुसती मातकट पिवळी लांबट फट. चित्ता शोधूनही सापडेना. सरांनी एक कागद गुंडाळून काखेत मारला.

"कशाला नेताय?" मी विचारलं.

"दर शनिवारी मी काहीतरी नेतो. आज नेलं नाही तर आबा विचारतील."

मीही गेले. चूक माझी होती, तेव्हा आबांसमोर कबूल करणंही माझंच काम होतं. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वहिनींनी सरांचं तोंड पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं. सरांनी कागद आबांच्या हातात दिला. या वेळी समोर उभे राहिले नाहीत, दाराशी जाऊन चपला सरळ करत बसले.

"आबा," मी सुरुवात केली, "त्यात चित्ता नाही, ते माझ्यामुळे..."

आबांनी हात वर करून मला गप्प केलं. कागद डोळ्यांपाशी नेला, खिडकीकडे तिरका केला. त्यांची मान कागदाच्या एका कडेकडून दुसरीकडे गेली, हळूच, मग परत. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"गेला की रं," ते म्हणाले.

सर चपला सोडून उठले. "काय म्हनलासा, आबा?"

"आत्ताच गेला. ह्ये बग, गवात मिटलं बी न्हाय अजून." त्यांनी बोट त्या फटीवरून नेलं आणि कागदाच्या बाहेर, खिडकीतल्या उजेडात, तसंच पुढे धरलं. "त्या अंगाला गेला. असाच जायचा. तुझ्या चित्रात त्यो उभाच ऱ्हायचा, म्हून मला वळखू येत नव्हता. ह्यो त्योच."

सर त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. आबांनी मुलाचं डोकं चाचपलं आणि त्याच्यावर हात ठेवला.

"जरा आदी यायचं व्हतंस," ते म्हणाले. "तुलाबी दिसला असता."

"व्हय आबा," सर म्हणाले. "उशीरच झाला."